लग्नाची पन्नास वर्षं आणि मुंबईतलं फाइव्ह स्टार : कुठलं हॉटेल घेऊ?

बडोद्याच्या एका सूनबाईंचं लांबलचक पत्र आलंय, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरमधे पन्नास वर्षं होतायत. सासऱ्यांची सगळी नोकरी युनिव्हर्सिटीच्या अकाउंट्समधे गेली, सासूबाईंचं माहेर गिरगावातलं, मोठी बहीण अजून तिथेच असते, वय ऐंशीच्या वर, ती काही आता बडोद्याला येऊ शकत नाही. मुलगा-सून मिळून दोघांना मुंबईत एखाद्या भारी हॉटेलात ठेवणार, सोबत नातवंडं, एक नऊ वर्षांचं, एक पाच. बजेट राहण्याचं एक लाख, रात्री तीन. नवरा म्हणतो जुहू, दीर म्हणतो एअरपोर्टजवळ घ्या त्याच पैशात सुईट मिळतो, आणि सूनबाईंच्या मनात ताज, कारण सासूबाईंनी ते लहानपणापासून फक्त बाहेरून बघितलंय. "ताई, तुम्ही इतकी वर्षं हॉटेल लाइनमधे होतात, तुम्हीच सांगा कुठलं घेऊ."

अगं सूनबाई, तुला तू म्हणतेय, चालेल ना, पत्रावरून पस्तिशीची वाटतेस.

तुझ्या पत्रात हॉटेलांची नावं आठ-दहा आहेत, स्विमिंग पूल कुणाचा मोठा, ब्रेकफास्ट बुफे कुणाचा गाजलेला, सगळं आहे, आणि आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय ही एक ओळ, ती पण कंसात टाकलीयस. मला विचारशील तर हॉटेल त्या कंसातल्या ओळीवरून ठरायला हवं. कुठला ब्रँड कुठल्यापेक्षा भारी ह्या वादात मी पडत नाही, त्या लेव्हलला गेल्यावर गाद्या सगळ्यांच्या मऊच असतात आणि "वेलकम ड्रिंक" सगळीकडेच गोड असतं.

मुंबईत आधी एरिया ठरवायचा, मग हॉटेल. हे बडोदा नाहीये गं, की अलकापुरीत राहिलो काय आणि मांजलपूरला राहिलो काय, अर्ध्या तासात कुठेही पोचलो. मुंबईत संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे सहारहून, म्हणजे एअरपोर्टकडून, गिरगावला गाडीने जायचं म्हणजे सुईटमधला सोफा बघायला तुम्ही हॉटेलवर असणारच नाही. तुम्ही तिथे जाऊन करणार काय आहात ते बघ ना आधी, तूच लिहिलंयस की मावशींकडे दोनदा तरी जायचं, सिद्धिविनायक, एखादं मराठी नाटक, आणि बाकी वेळ समुद्रासमोर बसायचं. म्हणजे गिरगाव, प्रभादेवी, दादर. मग दिराचं एअरपोर्टजवळचं हॉटेल कशाला? तिथली हॉटेलं वाईट नाहीत, रात्री दोनचं विमान असेल तर तिथेच राहावं, आणि ऑफिसवाली गर्दी शुक्रवारी ओसरली की बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) आणि एअरपोर्टकडचे रेट शनिवार-रविवारी बऱ्यापैकी उतरतात हे दिराचं म्हणणं बरोबरच आहे, पण तुम्ही ट्रेनने येणार, विमानाशी तुमचा काय संबंध.

जुहूचं वेगळं. मुलांना वाळू मिळेल, आणि मावशी पार्ल्यात राहत असत्या तर मी डोळे मिटून जुहू म्हटलं असतं, दीनानाथला नाटक बघा आणि या. पण डिसेंबर लक्षात घे. लग्नाचा सीझन, तिकडच्या मोठ्या हॉटेलांत मुहूर्ताच्या दिवशी एकाआड एक लग्न, लॉनवर संगीत, सकाळी वरात दारात, लिफ्टला रांग. उघड्यावरचा लाउडस्पीकर कायद्याने रात्री दहाला बंद व्हायला हवा पण तोपर्यंत बाबांची झोपायची वेळ होऊन गेलेली असते. कुठलंही हॉटेल घेतलंस तरी हा प्रश्न फोनवर विचारच, त्या तारखांना तुमच्याकडे लग्न किंवा बँक्वेट आहे का, असेल तर आमची खोली त्या बाजूला नको. विचारलं की सांगतात, स्वतःहून कोणी सांगत नाही.

आता ताज. कुलाब्याचं ताज १९०३ च्या डिसेंबरमधे सुरू झालं, गेटवे ऑफ इंडिया त्याच्या खूप नंतर, १९२४ ला पूर्ण झाला, म्हणजे आधी हॉटेल आणि मग समोर गेटवे, लोकांना उलटं वाटतं. आणि बाबांना हे सांग, आवडेल त्यांना, त्या इमारतीचा आराखडा करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा, आणि वैद्य वारल्यावर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज आर्किटेक्टने पुरं केलं. पण बुकिंग करताना एक गोष्ट नीट बघ. तिथे दोन इमारती आहेत, घुमटवाली जुनी ती पॅलेस विंग, आणि शेजारचा उंच टॉवर, जो सत्तरच्या दशकात उभा राहिला. साइटवर जो कमीतला रेट दिसतो तो बहुतेक वेळा टॉवरचा असतो. टॉवर चांगलाच आहे, पण आईंच्या डोळ्यासमोर जे ताज आहे ते हे नाही, आणि पॅलेस विंगमधे समुद्राकडची खोली घ्यायची म्हटली की तुझ्या लाखात दोन खोल्या बसणं अवघड आहे.

म्हणून मी काय म्हणते, राहा मरीन ड्राइव्हवर आणि ताजमधे चहाला जा. पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, तिथला दुपारचा हाय टी जुना आणि प्रसिद्ध, आधी फोन करून खिडकीजवळचं टेबल माग, कारण सांग, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस म्हटल्यावर ते पण जरा प्रयत्न करतात. आईंना आतून ताज बघायचंय, जिना बघायचाय, खिडकीतून गेटवे बघायचाय, ते सगळं दोन-अडीच तासांत शांतपणे होतं, झोपण्यासाठी त्याचे पैसे द्यायची गरज नाही.

मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटच्या टोकाला ट्रायडंट आणि ओबेरॉय शेजारी-शेजारी, पुढे चर्चगेटच्या बाजूला इंटरकॉन्टिनेंटल, ही सगळी थेट समुद्रासमोर. माझं मत ट्रायडंटकडे झुकतं, मोठं हॉटेल आहे, खोल्या भरपूर, त्यामुळे शेजारच्या दोन खोल्या मिळायची शक्यता जास्त, आणि शेजारच्या ओबेरॉयपेक्षा रेट सहसा खाली असतो. दुसरं म्हणजे समोरचा फुटपाथ. सरळ, सपाट, रुंद, बसायला कठडा, आईंना काठी घेऊन संध्याकाळी शंभर पावलं चालून समुद्राकडे तोंड करून बसता येईल, आणि सूर्य समोरच बुडतो. जुहूच्या वाळूत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला चालवून बघ एकदा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. आणि आता मेट्रो ३ पण पूर्ण झालीय, ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत, हॉटेलपासून जवळ विधान भवन स्टेशन, त्याच लाइनवर गिरगाव, सिद्धिविनायक, दादर, सगळी तुमचीच ठिकाणं ओळीने, स्टेशनांत लिफ्ट आहेत. टॅक्सी नाही मिळाली तर अडून बसायला नको.

बरं, हॉटेल ठरलं की लोकांना वाटतं झालं काम. खरं काम तिथून सुरू होतं, खोली कुठली ते. एकाच हॉटेलात एकाच रेटमधे समुद्रासमोरची पंधराव्या मजल्यावरची खोली पण असते आणि लिफ्टच्या शाफ्टला चिकटलेली पण असते, आणि जो आधी मागतो त्याला चांगली मिळते, आम्ही पण तेच करायचो. साइटवर "पार्शल सी व्ह्यू" लिहिलं असेल तर समजायचं की खिडकीत मान वाकडी करून उभं राहिल्यावर समुद्र दिसतो. आई-बाबांसाठी पूर्ण ओशन व्ह्यू घे, तुमच्यासाठी सिटी व्ह्यू घ्या, मुलं तसंही आजीच्याच खोलीत पडून असणार, तिथेच पैसे वाचव.

आणि बाथरूम, बाथरूम, बाथरूम. फोटोत बाथटब दिसला की आपण खूश होतो. पण पुष्कळ ठिकाणी शॉवर त्या टबातच असतो, म्हणजे आईंना रोज अंघोळीला मांडीएवढ्या कठड्यावरून पाय टाकून निसरड्या टबात उतरायचं. तेव्हा फोन करून स्पष्ट विचार, शॉवर वेगळा आहे का, जमिनीच्या लेव्हलला आहे का, भिंतीला धरायला दांडा आहे का, कमोडजवळ आहे का. नसेल तर अ‍ॅक्सेसिबल रूम माग, मोठ्या हॉटेलांत थोड्या असतात. आणि हँड शॉवर सगळीकडे असतो पण आईंना बादलीनेच अंघोळ लागत असेल तर बादली, मग आणि एक प्लास्टिकचं स्टूल मागून घे, हाउसकीपिंगवाले आणून देतात, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, फाइव्ह स्टारमधे बादली मागणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

अजून एक, नव्या किंवा नव्याने केलेल्या खोल्यांत बाथरूम आणि बेडरूमच्या मधे आख्खी काच असते. डिझायनरला वाटतं उजेड येतो. त्या काचेला आतून पडदा असतो, कधी बटणाने खाली येणारा, आणि ते बटण पलंगापाशी असतं, बाथरूममधे नाही! पन्नास वर्षं संसार झाला म्हणून काय झालं, बाबांना ते चालणार नाही. चेक-इन करून बेलबॉय निघाला की तू स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन पडदा, दिव्यांची बटणं, एसी, सगळं दाखव, कारण आजकाल दिवे बंद करायला पण पॅनल असतं आणि बाबा रात्री एक दिवा विझेना म्हणून तोंडावर टॉवेल टाकून झोपतील पण रिसेप्शनला फोन करणार नाहीत. बाबांचं इन्सुलिन असेल तर मिनीबारचा फ्रिज रिकामा करून मागायचा. काही ठिकाणी मिनीबारला सेन्सर असतो, बाटली नुसती उचलली तरी बिलात चढते, आणि तुझं पाच वर्षांचं काय उचलेल सांगता येत नाही, म्हणून तुमच्या खोलीतला पण रिकामाच करून घे.

खोल्या दोन. इंटरकनेक्टिंग माग, मधे दार असलेल्या, आणि हे "रिक्वेस्ट" म्हणून नको, "कन्फर्म" करून ईमेलवर घे, रिक्वेस्ट म्हणजे बघू. तुमच्या खोलीत दोन मोठे आणि दोन मुलं चालतात का, एक्स्ट्रा बेडचे किती, मुलांचा ब्रेकफास्ट धरलाय का, ह्या तिन्हीची उत्तरं प्रत्येक हॉटेलात वेगळी असतात.

आता पैशांकडे, कारण तुझं गणित मला जरा गोड वाटतंय. हॉटेलवाल्यांच्या भाषेत रेटपुढे "प्लस प्लस" असतं म्हणजे टॅक्स वेगळा. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला म्हणून सगळे खूश झाले, पण त्याच्या वरच्या खोलीला १८ टक्केच आहे आणि तुझी खोली वरचीच असणार. समज खोली २०,००० ला पडली, दोन खोल्या तीन रात्री म्हणजे १,२०,००० आणि वर २१,६०० टॅक्स. दोन रात्री केल्या तर ८०,००० अधिक १४,४००, एकूण ९४,४००. म्हणून दोनच रात्री कर. खरंच सांगते, तिसऱ्या दिवशी आईंना घरच्या चहाची आठवण येतेच, आणि तीन रात्री बसवायच्या म्हणून हलकी खोली घेण्यापेक्षा दोन रात्री समोर समुद्र बरा. असल्या हॉटेलात जेवणावर पण १८ टक्के लागतो, बाहेर रेस्टॉरंटमधे ५, तर ब्रेकफास्ट खोलीच्या रेटमधेच धरून घे आणि दोन्ही वेळची जेवणं बाहेर कर. गिरगावात जाताय, मावशींकडे जेवाल, एकदा ठाकूरद्वारला विनयमधे मिसळ, दादरला प्रकाशचा साबुदाणा वडा, हे सोडून हॉटेलात बसून पनीर टिक्का कोण खाईल. (बडोद्याची सेव-उसळ आणि तिथली मिसळ ह्यांची तुलना बाबा करणारच, करू दे.)

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मधेच सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून मात्र भांडू नको, हॉटेलांना ते चालतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ लाच म्हटलंय, खोलीत दोन बाटल्या फुकट ठेवतात त्या वापर आणि अजून दोन माग, देतात.

चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम ब्लॉक करतात. क्रेडिट कार्ड असेल तर ते द्यायचं. डेबिट कार्ड दिलं तर पैसे खरोखर खात्यातून जातात आणि परत यायला दिवस लागतात, तेवढ्यात मुलांच्या फीचा हप्ता आला तर पंचाईत. सगळ्या मोठ्यांची आधार कार्डं जवळ ठेव, बाबांचं कपाटात राहतं नेहमी.

बुकिंग कुठून? अ‍ॅपवर रेट बघ, मग हॉटेलला थेट फोन कर आणि तोच रेट मिळेल का विचार. मेंबरशिप फुकट असते बहुतेक चेनची, मेंबर झालं की रेट थोडा खाली येतो, आणि थेट बुकिंगवाल्याला खोली निवडून देताना जरा झुकतं माप मिळतं हे मी आतून बघितलंय. नॉन-रिफंडेबल स्वस्त दिसतं पण घरात सत्तरीच्या पुढची दोन माणसं आहेत, ते घेऊ नकोस. "क्लब रूम" म्हणून एक महागडा प्रकार दाखवतील, लाउंजमधे नाश्ता, चहा आणि संध्याकाळी ड्रिंक्स फुकट. त्यातले निम्मे पैसे त्या ड्रिंक्सचे असतात, तुमच्याकडे घेणारा तुझा नवरा एकटाच, तर सोड.

ट्रेनचं वेळापत्रक हॉटेलशी जुळवून घे. सकाळची वंदे भारत पकडलीत तर दुपारच्या जेवणाआधीच मुंबई सेंट्रलला उतराल, आणि खोली मिळणार दोन किंवा तीनला. अर्ली चेक-इन आधी ईमेलवर मागून ठेव, नाही मिळालं तर सामान बेल डेस्कला टाकून पहिली फेरी मावशींकडेच काढा, जेवण तिथे, दुपारी परत येऊन आई आडव्या होतील. परतीला दुपारची वंदे भारत आहे, बाराला चेक-आउट करून निवांत मिळते. गाडीचा सुट्टीचा वार कुठला ते मात्र बघून घे. नाटकाला जाण्याआधी नाट्यगृहात फोन करून पायऱ्या किती आणि लिफ्ट चालू आहे का ते विचार, तिकिटं काढल्यावर नाही, आधी.

तुझ्या तारखांमधे मार्गशीर्षातला गुरुवार येतोय आणि आईंचा उपास असणार. आदल्या दिवशी रेस्टॉरंटमधे सांगून ठेवलं तर साबुदाण्याची खिचडी करून देतात, पण सैंधव, शेंगदाण्याचं कूट, आणि कांदा-लसूण-हळद नको, असं लिहूनच दे, नाहीतर वरून छान पार्सली भुरभुरून येईल. थोडा वऱ्याच्या तांदळाचा डबा सोबत असू दे.

वाढदिवसाचं हॉटेलला नक्की सांग, केक पाठवतात. पण हे पण सांग की पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं बदाम आणि टॉवेलचे हंस नकोत. सांगितलं नाहीस तर "अ‍ॅनिव्हर्सरी कपल" ह्या दोन शब्दांवर हाउसकीपिंगवाले उत्साहाने सगळं करतात, आणि सासू-सासरे, मुलगा, सून, दोन नातवंडं असे सहाजण दार उघडून ते बघत उभे राहता.

शेवटचं तू विचारलंयस की बाबांना किंमत कळली तर ते दुसऱ्याच दिवशी बॅग भरतील, काय करू. चेक-इनलाच रिसेप्शनला सांगायचं की दोन्ही खोल्यांचं बिल एकत्र, तुझ्या नवऱ्याच्या नावावर, आणि ईमेलवर, खोलीच्या दाराखालून कागद सरकवायचा नाही. खाली कॉफी प्यायला गेले तर सहीला कागद बाबांकडे न देता तुमच्याकडे आणा असं वेटरला आधी सांग, अकाउंट्समधे आयुष्य गेलेला माणूस आहे, तळची बेरीज वाचल्याशिवाय सही करणार नाहीत. आणि खोदून विचारलंच तर "ऑफिसच्या कार्डावर डिस्काउंट मिळाला" हे नवऱ्याने सांगावं, तू नको, मुलाला ते एकदाच रागावतील, तुला मात्र बडोदा येईपर्यंत हिशेब विचारत बसतील.